सातबाऱ्यावर नाव नाही, तर ती शेतकरी नाही?

२०२५ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. त्याच दिवसांत भावासोबत मी नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाजवळच्या एका सेवा केंद्रात गेले होते. आमच्या पुढे एक मावशी होत्या. द्राक्षाच्या खरड छाटणीचे दिवस, बागेतून उठून तशाच आलेल्या.

“सातबारा कुणाच्या नावावर आहे, मावशी?” संगणकापुढच्या पोराने विचारलं.

“आमच्या मालकांच्या नि दिरांच्या.”

“मग मालकांना पाठवा. तुमचा नाही निघायचा.”

“अरे, पण बाग मी करते ना. पंचवीस वर्षं झाली.”

“तुम्ही करता हो. पण नाव कुठंय?”

मावशींनी जरा विचार केला. “माझ्या नावावर बचत गटाचं कर्ज आहे. ते चालतं का?”

रांगेत हशा पिकला. मीही हसले. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या पडद्यावर जे रकाने होते ते तो भरत होता. पण ते रकाने कुणी आखले आणि मावशी त्यांत का बसत नाहीत, हे मला तेव्हा नीटसं सांगता आलं नसतं. नंतर वाचत गेले, विचारत गेले. जे कळलं ते इथे मांडते.

निमित्तही आहे. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून जाहीर केलं आहे. त्यामुळे सक्षमीकरण, सन्मान, नारीशक्ती हे शब्द भाषणांतून भरपूर ऐकू येतात. मला त्या सगळ्याच्या आधीचा एक साधा शब्द महत्त्वाचा वाटतो: ‘शेतकरी’. सरकारदरबारी या शब्दाचा अर्थ काय?

सात म्हणजे काय, बारा म्हणजे काय

सातबारा आपण सगळे म्हणतो, पण तो दोन कागदांचा जोड आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात काय पेरलंय. दोन्ही एका पानावर आले की सातबारा.

नाव ‘सात’मध्ये लागतं ते खरेदीने, वारसाने, वाटणीने किंवा बक्षीसपत्राने. घाम गाळून लागत नाही. पुष्कळ उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंबाच्या वतीने कागदावर उभा असलेला माणूस. हा मॅनेजर बहुतेक वेळा पुरुषच असतो, हे सांगायला नकोच.

गंमत अशी की जुन्या, हाताने लिहिलेल्या उताऱ्यांत बाराच्या बाजूला ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना असायचा. जमीन कुणाची आणि ती करतं कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं महसूल खात्याला तेव्हाही ठाऊक होतं. आमच्या घरच्या जुन्या उताऱ्यात त्या रकान्यात काय लिहिलंय ते शेवटी सांगते.

रिक्षा चालवणारा आणि परवाना असणारा

२०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांच्या काळात राज्य सरकारने रिक्षावाल्यांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली होती. ती होती ‘परवानाधारक’ रिक्षाचालकांना. आता नाशिकरोड स्टेशनबाहेर किंवा शालिमारला उभं राहून बघा. कितीतरी रिक्षा अशा असतात की परवाना एकाचा आणि स्टेअरिंगवर दुसरा. तो रोजचं भाडं मालकाला देतो, उरलं ते त्याचं. रस्ते बंद झाले तेव्हा उपाशी कोण राहिला? आणि मदत कुणाच्या नावाने निघाली?

सरकारने कुणावर सूड उगवला नव्हता. सरकारला एक यादी हवी होती आणि हाताशी परवान्यांची यादी होती. जी यादी तयार असते, तिच्यातली माणसं सरकारला दिसतात.

शेतीत ही तयार यादी म्हणजे सातबारा. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये घ्या. योजना जमीनधारक शेतकरी कुटुंबांसाठी आहे आणि जमीन कुणाची हे १ फेब्रुवारी २०१९ या तारखेला धरून पाहिलं जातं. पीक कर्ज, पीक विमा, ठिबकचं अनुदान, नुकसानभरपाई, सगळीकडे पहिला कागद तोच. फार्मर आयडीने यात नवं काही केलं नाही. जुनी यादी आधारला जोडून पक्की केली, इतकंच. आणि यादी पक्की झाली की तिच्यातून सुटलेली माणसंही पक्की सुटतात.

नाशिककरांना आठवत असेल, २०२३ च्या सुरुवातीला कांद्याचे भाव कोसळले तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी ही अट होती. विक्रीची पट्टी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावे असली, तर पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जायचे. कांद्याचं रोप उपटणं, लावणी, खुरपणी, काढणी, पात कापणं ही कामं आमच्याकडे बायाच करतात. ट्रॅक्टर लासलगावला न्यायचं काम पुरुष करतात. अनुदानाच्या कागदाने तर ट्रॅक्टर नेणाऱ्यालाही विचारलं नाही. बायांची बातच सोडा.

किती बाया, किती नावं

आकडे थोडेच देते, कारण इथे आकड्यांपेक्षा मोजपट्टी बघायची आहे.

केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार खेड्यातल्या काम करणाऱ्या दर चार बायांपैकी तीन शेतीत आहेत. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३ कोटी ६० लाख बायांची नोंद शेतकरी म्हणून झाली आणि ६ कोटींहून जास्त बायांची शेतमजूर म्हणून. जनगणनेत दारात आलेला प्रगणक सातबारा मागत नाही. तो काम विचारतो.

दुसरी मोजणी आहे कृषी गणना. ती वहिवाट, म्हणजे जमीन कसण्याचा कारभार, कुणाच्या नावे हे बघते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर वहिवाटदारांपैकी बाया जेमतेम चौदा निघाल्या, आणि त्यांच्याकडचं क्षेत्र बारा टक्क्यांच्याही आत.

काम विचारलं तर बाया दिसतात. कागद विचारला तर नाहीशा होतात. धोरण कागद विचारून बनतं.

सहकुटुंब सहपरिवार

मग शेतकऱ्याची व्याख्याच बदला, असं कुणी म्हणेल. ती बदललेली आहे! २००७ साली!

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली २००४ मध्ये राष्ट्रीय शेतकरी आयोग नेमला गेला. आपण त्यांचं नाव घेतो ते हमीभावाच्या ‘दीडपट’साठी. पण त्या आयोगाच्या शिफारशींवर आधारलेलं ‘राष्ट्रीय शेतकरी धोरण’ २००७ मध्ये आलं आणि त्यात शेतकरी शब्दाची फार उदार व्याख्या आहे. जमीन कसणारे, वाट्याने करणारे, कुळं, शेतमजूर, शेळ्या-कोंबड्या पाळणारे, मासेमार, मधमाश्या पाळणारे, मेंढपाळ, जंगलातला गौण वनउपज गोळा करणारी आदिवासी कुटुंबं हे सगळे त्यात येतात. मालकीची अट नाही. त्या व्याख्येने आमच्या मावशी शेतकरी आहेत. त्यांच्या बागेत विरळणीला येणारी सुरगाण्याची पोरगीही शेतकरीच.

मग अडलं कुठे?

आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असतं. छापायला काही लागत नाही. पण पंगतीच्या दारात जो माणूस उभा असतो ना, ‘तुम्ही बसा, तुम्ही पुढच्या पंगतीला’ असं म्हणणारा, जेवण त्याच्या हातात असतं. राष्ट्रीय धोरण ही पत्रिका आहे. दारातला माणूस म्हणजे योजनेच्या मार्गदर्शक सूचना, म्हणजे कायदा किंवा योजना राबवायची कशी हे सांगणारं खात्याचं पत्रक. पीएम किसानच्या सूचनांत ‘जमीनधारक’ हा एक शब्द आला आणि २००७ ची व्याख्या दाराबाहेर राहिली. धोरण रद्द कुणी केलं नाही. ते अजूनही आहे, पत्रिकेसारखं, कपाटात.

यावर तोडगा म्हणून स्वामिनाथन यांनी राज्यसभेचे सदस्य असताना एक विधेयक आणलं: महिला शेतकरी हक्क विधेयक, २०११. ते मांडलं गेलं मे २०१२ मध्ये. त्याचा गाभा एकाच कागदात होता. गावात राहणारी आणि मुख्यतः शेतीत काम करणारी बाई, तिचं लग्न झालेलं असो वा नसो, जमीन नावावर असो वा नसो, तिला गावपातळीवर ‘महिला शेतकरी’ म्हणून प्रमाणपत्र मिळावं आणि तो कागद बँकेत, योजनेत चालावा.

पण हे खासगी विधेयक होतं, म्हणजे मंत्र्याने नव्हे तर एका खासदाराने आपल्या नावे मांडलेलं. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं झालं १९७० मध्ये. एप्रिल २०१३ मध्ये स्वामिनाथन यांची मुदत संपली आणि विधेयकही विरून गेलं.

जिथे हक्क तिथे काम नाही, जिथे काम तिथे हक्क नाही

‘पण मुलींना वाटा मिळतोच की आता’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी.

खरं आहे. महाराष्ट्राने यात देशाच्या आधी पाऊल टाकलं. हिंदू वारसा कायद्यात राज्याने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्माने हिस्सा दिला, मात्र २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली. तिने लग्नाची अट काढली, आणि शेतजमिनीला जी पळवाट होती तीही बुजवली. त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते हा वाद पंधरा वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही.

आता मावशींचं बघा. हक्क आहे तो माहेरच्या जमिनीत, समजा येवल्याला. राबतात त्या सासरच्या बागेत. सासरी सून म्हणून, नवरा हयात असेपर्यंत, जमिनीवर त्यांचं नाव लागेल असा आपोआपचा कायदा नाही. नवरा गेला तर वारस म्हणून लागेल. म्हणजे शेतकरी व्हायला विधवा व्हावं लागतं. इतकं कडू वाक्य लिहायचं नव्हतं, पण दुसरं सापडलं नाही.

आणि माहेरचा हक्क? तो हक्कसोडपत्रात जातो. वडील गेल्यावर वारस नोंद होते, बहिणींची नावं लागतात, आणि मग एक दिवस गाडी करून सगळ्या बहिणी निबंधक कार्यालयात जातात. माझ्या आत्यांनी सह्या केल्या. मीही केली. भावाने जबरदस्ती केली नाही, नवी साडी घेतली, दुपारी सगळ्यांनी मिळून जेवण केलं. मी तो कागद वाचलाही नव्हता. बायका अडाणी म्हणून सह्या करतात असं शहरात समजतात, ते मला पटत नाही. त्या हिशेब करूनच सही करतात. माहेर हा विमा आहे. उद्या सासरी काही बिनसलं तर दार उघडं हवं, दिवाळीला भाऊबीज हवी. एकरभर जमिनीच्या बदल्यात हा विमा त्या चालू ठेवतात. कायदा हक्क देतो, दार देत नाही.

अनुसूचित जमातींना तर हिंदू वारसा कायदा थेट लागूच होत नाही. सुरगाणा, पेठ, कळवणच्या बायांना २००५ ची दुरुस्ती ही दुसऱ्या कुणाची तरी बातमी आहे.

याच जिल्ह्यात झालेले दोन प्रयोग

एक, चांदवड. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन तिथे भरलं आणि राज्यभरातून बाया आल्या. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची कल्पना मांडली: घरच्या लक्ष्मीचं कर्ज फेडायचं म्हणून नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा तिच्या नावे करावा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते ‘लक्ष्मी मुक्ती’ गाव. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं की पतीने अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर घेता येईल. तो मार्ग कागदावर अजून आहे. मला त्याचं मोठं कौतुक आहे, आणि त्यातली मेखही दिसते. सगळं नवऱ्याच्या इच्छेवर. ज्या घरात नवरा आपण होऊन नाव लावतो, त्या घरात बाईला नावाची गरज बहुधा कमी असते.

दुसरा प्रयोग कायद्याचा, आणि माझ्या मते तो जास्त शहाणा. २००६ चा वनहक्क कायदा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्यांचा हक्क मान्य करणारा केंद्राचा कायदा. त्याच्या कलम ४ मध्ये एक ओळ आहे: हक्कदार विवाहित असेल तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा. अर्ज, विनंती, नवऱ्याची मर्जी काही नाही. रकानाच दोन नावांचा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या लाँग मार्चची एक मुख्य मागणी याच कायद्याची अंमलबजावणी होती. सोललेल्या तळपायांचे ते फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यांतले कितीतरी पाय बायांचे होते. पट्टे मिळायला उशीर होतो, दावे फेटाळले जातात, दिलेलं क्षेत्र कमी निघतं, हे सगळं खरंच. पण जिथे पट्टा मिळतो तिथे बाईचं नाव घालायला वेगळा लढा लागत नाही. राष्ट्रीय धोरणात समानता आणायची म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात स्वस्त उदाहरण ही एक ओळ आहे. तिला बजेट लागलं नाही.

‘पैसा घरातच येतो ना?’

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि बायाच घेतात. नाव कुणाचंही असो, घर एकच.

घर चालू आहे तोवर एकच. पण समृद्धी महामार्ग सिन्नर, इगतपुरीतून गेला तेव्हा जमिनीचा मोबदला कागदावर नाव असलेल्यांना मिळाला. असा लाखोंचा आकडा एका सहीने एका खात्यात येतो तेव्हा घर किती एकच राहतं हे ज्याने त्याने आपल्या गावात बघावं. नवऱ्याने सोडलेली बाई असेल तर तिच्याकडे विधवेचाही कागद नसतो. आणि पीक कर्ज हवं असेल, तर नावावर जमीन नसलेली बाई जाते बचत गटाकडे किंवा मायक्रोफायनान्सवाल्याकडे. तिथलं व्याज पीक कर्जापेक्षा कितीतरी जास्त. राबते ती, आणि महाग कर्जही तिलाच.

‘जमिनीचे तुकडे पडतील’

चार भावांत वाटणी होते तेव्हा तुकडे पडतातच. तेव्हा हा आक्षेप मी कधी ऐकलेला नाही. तुकड्यांची काळजी बहिणीच्या नावापाशीच सुरू का होते?

शिवाय नाव लावणं म्हणजे वाटप करणं नव्हे. नवरा-बायकोचं खातं सामाईक झालं म्हणून बांध पडत नाही. पीएम किसानलाही फरक पडत नाही. तिथे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब धरतात आणि लाभ एकच.

‘बोगस शेतकरी वाढतील’

हा आक्षेप मी मनावर घेते, कारण तो खोटा नाही. प्रमाणपत्राने शेतकरी ठरायला लागले तर सरपंचाची वहिनीही शेतकरी होईल.

पण आजची यादी तरी कुठे सोवळी आहे? महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. म्हणून शहरात बसलेली कितीतरी माणसं ‘शेतकरी असल्याचा दाखला’ मिळवायला काय काय करतात ते गंगापूर धरणाच्या आजूबाजूच्या फार्महाऊसना विचारा. कधी नांगर न धरलेला माणूस आजोबांच्या उताऱ्यावरून शेतकरी ठरतो. त्याला कुणी बोगस म्हणत नाही. आपण एका प्रकारच्या चुकीला सरावलो आहोत, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या चुकीची भीती वाटते.

आणि यादी सैल करता येते, हे राज्यानेच दाखवलंय. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. त्यात खातेदाराबरोबर कुटुंबातल्या खातेदार नसलेल्या आणखी एका माणसाला धरलं आहे. म्हणजे बायको चालते. अर्थात त्या एकाच जागेसाठी आई, वडील, मुलगा, अविवाहित मुलगी हेही आहेत. तरीही नाव नसलेला माणूस शेतात मरू शकतो, एवढं या योजनेने मान्य केलं. शेतात जगतोही, हे पुढच्या कुठल्या तरी योजनेने मान्य करावं.

जिची जमीनच नाही ती

इथवरचं सगळं सातबारा असलेल्या घरांबद्दल होतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याकडून बायांच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या बागांत उतरतात. फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, घडाला पेपर लावणं. द्राक्ष परदेशी जायच्या लायकीचं होतं ते या बोटांमुळे. यांच्यासाठी लक्ष्मी मुक्ती नाही, हक्कसोडपत्राचाही प्रश्न नाही. वर सांगितलेली अपघात योजनाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण घरात खातेदारच नाही. २००७ ची कामावर बेतलेली व्याख्या खरी लागते ती यांना. जमिनीवर नाव लावा ही मागणी महत्त्वाची आहेच. पण नुसत्या तेवढ्यावर थांबलो, तर बागवाल्याची बायको शेतकरी होईल आणि तिच्या बागेत राबणारी पुन्हा बाहेर राहील.

दिल्लीत हे हलतं कसं

कायदे संसदेत होतात, पण हा विषय अडलाय मंत्रालयांच्या पत्रकांत. म्हणून महिला किसान अधिकार मंच (मकाम) सारख्या संघटना नव्या योजनेची फार मागणी करत नाहीत. त्यांचा रोख असतो तो शब्दांवर: ‘जमीनधारक’च्या जागी २००७ ची व्याख्या घ्या, लाभार्थ्यांची आकडेवारी बाई-पुरुष अशी वेगळी छापा.

दुसरी मागणी रुक्ष वाटते, पण महत्त्वाची आहे. २००५-०६ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत जेंडर बजेट, म्हणजे बायांसाठीच्या खर्चाचं वेगळं विवरण, येतं. शेतीच्या अनेक योजनांत ३० टक्के निधी महिलांसाठी राखावा असं सांगितलेलं आहे. पण लाभार्थी मोजले सातबाऱ्यावरून, तर ते ३० टक्के दाखवायला पुन्हा तीच चौदा टक्के नावं शोधावी लागतात. मग कागद भरायला बायकोच्या नावाने यंत्र घेतलं जातं. चावी कुणाकडे असते ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

२०१४ पासून असाही एक निर्णय आहे की केंद्राने कुठलाही कायदा आणण्याआधी त्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. हा शिरस्ता आहे, कायदा नव्हे, त्यामुळे पुष्कळदा पाळला जात नाही. पाळला जातो तेव्हा मसुदा वेबसाइटवर असतो, इंग्रजीत. कांदा काढणीच्या ३० दिवसांत तो वाचून कोण हरकत पाठवणार? संसदेच्या स्थायी समित्याही कधी कधी विधेयकांवर सूचना मागवतात. तिथे संघटित गटांचा आवाज पोचतो. एकट्या बाईचा पोचायला मध्ये कुणीतरी लागतं.

आणखी एक विसंगती. २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायांना आहेत. स्वामिनाथन यांचं विधेयक कायदा झालं असतं तर गावातल्या बायांना शेतकरी असल्याचा दाखला देण्यात महिला सरपंचांचा हात असता, आणि त्यांतल्या अनेकींचं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर नसतं.

जवळचं सांगायचं तर जनगणना. प्रत्यक्ष माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम भरात असतो. प्रगणक दारात येईल आणि विचारेल, बाई काय करतात? बहुतेक घरांत उत्तर पुरुष देतो: “घरीच असते.” बाई स्वतः दारात असली तरी तीही तेच म्हणते, मी अनेकदा ऐकलंय. या प्रश्नाला सातबारा लागत नाही, तलाठी लागत नाही, कुणाची सही लागत नाही. “शेती करते” एवढे दोन शब्द पुरतात. पुढची दहा वर्षं धोरण आखणारे जो आकडा समोर ठेवतील, तो या उत्तरांतून तयार होतो.

जुना उतारा

त्या दिवशी सेवा केंद्रातून आल्यावर भावाने जुनी पेटी उघडली. फार्मर आयडीसाठी गट नंबर पडताळायचा होता. त्यात आजोबांच्या नावाचा सत्तरच्या दशकातला एक हस्तलिखित उतारा निघाला. बाराच्या बाजूला ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ या रकान्यात तलाठ्याने सुरेख अक्षरात लिहिलंय: ‘खुद्द’.

आजोबा त्या वर्षांत ओझरच्या विमान कारखान्यात पाळीवर होते. सकाळी सायकलने जायचे, अंधार पडल्यावर यायचे. ऊस, गहू आणि विहिरीवरचा कांदा आजी करायची.

भाऊ तो कागद बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “ताई, तुझं नाव परत लावायचं झालं तर काय करावं लागेल गं?” मी म्हटलं, आधी तुझ्या बायकोचं लाव. १९९२ चं परिपत्रक आहे, मी तुला नंबर काढून देते.

अर्ज पडलाय. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांनी विचारलं, “कशाला? काही भांडण झालंय का घरात?”